माझा अनुभव : मॉड्युलेटरला पाचपट व्होल्टेज का लागत होते

लिथियम नायोबेट या स्फटिकाच्या पातळ थरावर मी माख-झेंडर मॉड्युलेटर बनवला होता, म्हणजे प्रकाश दोन वाटांत विभागून, व्होल्टेजने त्यांच्या फेजमध्ये (लहरींच्या टप्प्यात) फरक पाडून त्यांना पुन्हा एकत्र आणणारी चिप. त्याला प्रकाशाच्या फेजमध्ये १८० अंशांचा फरक पाडण्यासाठी गणितापेक्षा जवळपास पाचपट व्होल्टेज लागत होते. इलेक्ट्रोडमधील अंतर दोनदा मोजले. ते ठरल्याप्रमाणे ५ मायक्रॉनच भरले. अखेर वेफरची (स्फटिकाच्या चकतीची) अक्षांची दिशा दाखवणारी सपाट कडा आराखड्याशी ताडून पाहिली, तेव्हा एक्स-कट वेफरवर (एक्स अक्षाला काटकोनात कापलेल्या चकतीवर) वेव्हगाइड (प्रकाशाची वाट) वाय अक्षाऐवजी झेड अक्षाच्या दिशेने आखले गेल्याचे उघड झाले. त्यामुळे सुमारे ३० पिकोमीटर प्रति व्होल्ट इतका मोठा आर-३३ गुणांक (झेड दिशेच्या विद्युत क्षेत्राने अपवर्तनांक किती बदलतो याचे माप) वाया जाऊन त्याच्या अंशभर असलेल्या, वाय दिशेच्या क्षेत्रासाठीच्या आर-२२ वरच सारे काम चालले होते. मास्क (आराखडा वेफरवर उतरवणारा साचा) ९० अंशांत फिरवून नवी चिप बनवली आणि व्होल्टेज गणिताजवळ आले. इलेक्ट्रोड आणखी जवळ आणण्याचा मोह मात्र टाळला, कारण मग धातूच प्रकाश शोषू लागतो.