‘ती आपली थोडीच आहे?’ असं वर्गात कुणी म्हटलं, तर हा एक तास घ्या

गिरगावातल्या एका मराठी शाळेत मी बावीस वर्षं इतिहास शिकवते. गेल्या जूनमध्ये आठवीत मॉनिटरची निवड होती. एका मुलीचं नाव पुढे आलं, तसा मागच्या बाकावरून आवाज आला, “ती नको बाई, ती आपली थोडीच आहे!” मुलगी कालिम्पाँगची. वडील जवळच्याच सोसायटीत वॉचमन, घरी नेपाळी बोलतात. कालिम्पाँग पश्चिम बंगालमध्ये आहे, हे वर्गात कुणालाच ठाऊक नव्हतं.

मी त्या मुलाला ओरडले आणि विषय मिटवला. ते चुकलंच. ओरडल्यावर मुलं ते वाक्य आपल्यासमोर बोलत नाहीत, एवढाच फरक पडतो. पुढच्या आठवड्यात पस्तीस मिनिटांचा एक पूर्ण तास यासाठी ठेवला. तुम्हालाही घेता यावा म्हणून सांगते.

ज्या मुलीवरून विषय निघाला, तिच्यापासून अजिबात सुरुवात करू नका. “तुमच्याकडे काय खातात गं?” असं विचारून तिला फळ्यापाशी उभं केलंत, तर ती इथली पाहुणी आहे हे तुम्हीच ठरवून टाकता.

सुरुवात दादाभाई नौरोजींपासून करा. हुतात्मा चौकाजवळचा त्यांचा पुतळा मुलांनी येता-जाता पाहिलेला असतो. १८८६ साली ते ब्रिटिश संसदेच्या निवडणुकीत लंडनच्या होबर्न मतदारसंघात हरले. १८८८ मध्ये खुद्द पंतप्रधान लॉर्ड सॅलिसबरी भाषणात म्हणाले, की ब्रिटिश मतदारसंघ एखाद्या काळ्या माणसाला निवडून देईल असं मला वाटत नाही. एवढं सांगून थांबा आणि दादाभाईंचा फोटो वर्गात फिरवा. गोरेपान पारशी गृहस्थ! सॅलिसबरीच त्यांच्याहून सावळे आहेत, असं तेव्हा इंग्लंडमध्येही लोक म्हणाले होते. मुलं गोंधळतात, त्यांना गोंधळू द्या, लगेच उत्तर देऊ नका. माझ्या वर्गात एक मुलगी म्हणाली, “बाई, मग ते रंगाबद्दल बोलतच नव्हते.” ते वाक्य मी तिच्याच शब्दांत फळ्यावर लिहिलं आणि तास संपेपर्यंत पुसलं नाही. १८९२ मध्ये दादाभाई फिन्सबरी सेंट्रलमधून निवडून आले, अवघ्या पाच मतांनी. हा आकडा सांगताना माझ्या अंगावर दरवेळी काटा येतो.

मग दोन चिठ्ठ्या काढा. त्यांवर नाव नको, फोटो नको. पहिली : जन्म १९३६, पनामा कालव्याच्या पट्ट्यातला नौदलाचा तळ. दुसरी : जन्म १९६१, होनोलुलू, हवाई. दोघेही २००८ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार. ‘तू खरंच इथला का?’ असं लोक वर्षानुवर्षं कुणाला विचारत राहिले असतील? मुलं नकाशा बघतात आणि पहिल्या चिठ्ठीवर बोट ठेवतात. आता नावं उघडा. पहिले जॉन मॅकेन, दुसरे बराक ओबामा. मॅकेन यांच्या जन्मस्थानाचा कायदेशीर प्रश्न निघाला होता, पण सिनेटने एप्रिल २००८ मध्ये ठराव करून तो मिटवला. त्या ठरावाच्या पुरस्कर्त्यांत ओबामाही होते. ओबामांना मात्र निवडून आल्यावरही, एप्रिल २०११ मध्ये, जन्माचा सविस्तर दाखला जगापुढे ठेवावा लागला. इथे व्याख्यान देऊ नका. दोन्ही चिठ्ठ्या शेजारी शेजारी चिकटवा, तेवढं पुरतं.

यापुढचा भाग सगळ्यात अवघड, कारण तो आपल्याबद्दल आहे. २०२२ च्या दिवाळीत ऋषी सुनक ब्रिटनचे पंतप्रधान झाले. सुट्टी संपल्यावर मीच फळ्यावर लिहिलं होतं, ‘आपला माणूस पंतप्रधान!’ त्यांचा जन्म इंग्लंडमधल्या साउदम्प्टनचा. लिओ वराडकर २०१७ मध्ये आयर्लंडचे पंतप्रधान झाले, तेव्हाही असंच. वडील मुंबईचे, मूळ गाव मालवण तालुक्यातलं वराड, म्हणून ‘आपला कोकणी माणूस’. पण ते जन्मले, वाढले डब्लिनमध्ये. मुलांना विचारा : वडिलांच्या गावावरून वराडकर आपले ठरत असतील, तर ‘हा आयरिश नाहीच’ म्हणणाऱ्या माणसाला तुम्ही काय सांगाल? तोही तीच पट्टी लावतोय. आपण अभिमानाने लावतो, तो हाकलायला लावतो. हे मला उशिरा कळलं, आणि वर्गासमोर मी ते तसंच सांगितलं.

त्यानंतर आपल्या देशात या. पवन चामलिंग १९९४ ते २०१९ सलग सिक्कीमचे मुख्यमंत्री होते, नेपाळी बोलणारे. त्यांचा चेहरा दाखवून नुसतं विचारा, “हे कुठल्या देशाचे नेते?” उत्तरं ऐका, नोंदवा, हसू नका.

मध्येच कुणी ‘चिंकी’ म्हणालंच, तर शब्द तिथल्या तिथे थांबवा. ही शिवी आहे, एवढंच सांगा आणि तास पुढे न्या.

शेवटची दहा मिनिटं लिहायला ठेवा : ‘तू मूळचा कुठला?’ असं मला कुणी विचारलं, तेव्हा काय वाटलं? माझ्या वर्गात कोकणातल्या, बिहारच्या, सोलापूरच्या, सगळ्याच मुलांकडे लिहायला काहीतरी होतं. कागद स्वतः गोळा करा, घरी नेऊन वाचा, वर्गात दाखवू नका. नाव घालू नका म्हटलं, तरी मुलं एकमेकांचं अक्षर ओळखतात.