नायट्राइलपासून अमाइड: पॅलेडियम वापरून बेंझामाइड कसं करायचं

नायट्राइलला (कार्बन-नायट्रोजन तिहेरी बंध असलेला रेणू) पाण्याचा एक रेणू जोडला की अमाइड तयार, कागदावर एवढंच आहे, पण फ्लास्कमध्ये खरी अडचण असते ती अमाइडवर थांबायची. जोरदार अ‍ॅसिड किंवा अल्कली घालून उकळत ठेवलं की अमाइड पुढे जाऊन कार्बोक्झिलिक अ‍ॅसिड होतं, आणि रेणूत एखादा एस्टर असेल तर तोही तुटतो. म्हणून मेटल कॅटॅलिस्ट. गफ्फार-पार्किन्सचा १९९५ सालचा प्लॅटिनम कॅटॅलिस्ट यात फार नावाजलेला आहे आणि तो आहेच भारी, पण साध्या लॅबसाठी मी पॅलेडियम-अ‍ॅसिटाल्डॉक्सिमची पद्धत सुचवेन, कारण सगळं थेट बाटलीतून घेता येतं.

२ मिलिमोलचं प्रमाण सांगतो. बेंझोनायट्राइल (यातूनच बेंझामाइड होणार) २०६ मिग्रॅ, पॅलेडियम अ‍ॅसिटेट २२ मिग्रॅ (५ मोल टक्के), ट्रायफिनाइलफॉस्फिन ५२ मिग्रॅ (पॅलेडियमच्या दुप्पट मोल), अ‍ॅसिटाल्डॉक्सिम २३६ मिग्रॅ म्हणजे २ इक्विव्हॅलंट (नायट्राइलच्या दुप्पट मोल). थोडं पाणी मिसळलेलं इथेनॉल ५ मिली. सगळं फ्युम हूडमध्ये, ग्लोव्ह्ज घालून, कंडेन्सर लावून रिफ्लक्स करायचं (वाफ थंड होऊन परत फ्लास्कमध्ये पडेल असं उकळत ठेवायचं). वेळ घड्याळावर नाही तर टीएलसीवर (पातळ थराच्या क्रोमॅटोग्राफीवर) ठरवा, वर पळणारा नायट्राइलचा डाग गेला की बास.

आत काय होतं ते समजून घ्या, कारण पुढची सगळी ट्रबलशूटिंग त्यावरच आहे. नायट्राइल पॅलेडियमला चिकटतं, त्यामुळे त्याचा कार्बन हल्ल्याला मोकळा होतो, तिथे ऑक्सिमचा ऑक्सिजन येऊन बसतो, आणि मग ते तुटून तुमचं अमाइड आणि अ‍ॅसिटोनायट्राइल सुटतं. म्हणजे पाणी खरं ऑक्सिम आणून देतं! आता हे अ‍ॅसिटोनायट्राइलपण नायट्राइलच की, त्याचंही थोडं अ‍ॅसिटामाइड होऊ शकतं, म्हणून ऑक्सिम जास्त घ्यायचं, त्यात कंजुषी नको.

वर्कअपला, म्हणजे माल वेगळा काढताना, सेलाइटवरून (गाळायची बारीक पावडर) गाळून काळं पॅलेडियम काढा, इथेनॉल रोटाव्हॅपवर (कमी दाबाखाली द्रावक उडवणारं यंत्र) उडवा, एथिल अ‍ॅसिटेटमध्ये घेऊन पाण्याने अगदी थोडक्यात धुवा, अ‍ॅसिटामाइड पाण्यात निघून जातं. आता सगळ्यात चिवट गोष्ट, ट्रायफिनाइलफॉस्फिनपासून झालेलं ऑक्साइड. एथिल अ‍ॅसिटेट-हेक्झेनमध्ये ते बेंझामाइडच्या जवळपासच चालतं, कॉलमवर (सिलिकाच्या नळीतून वेगळं करताना) दोघं मिसळून येतात आणि लोक वैतागतात. माझं मत, कॉलमच्या नादी लागू नका, गरम पाण्यात घ्या, बेंझामाइड विरघळतं आणि ऑक्साइड फारसं विरघळत नाही, गरम असतानाच गाळा आणि सावकाश थंड होऊ द्या, पांढरे चमकदार पापुद्रे पडतात. बर्फात ठेवून मगच गाळा, नाहीतर बराच माल पाण्यात राहतो. १०० टक्के यील्ड म्हणजे २४२ मिग्रॅ.

तपासणीला आयआरमध्ये (इन्फ्रारेड स्पेक्ट्रममध्ये) २२३० सेमी⁻¹ च्या आसपासचा नायट्राइलचा पीक गेलेला हवा आणि १६६० जवळ कार्बोनिल दिसायला हवा. मेल्टिंग पॉइंट १२८ अंश सेल्सिअसच्या आसपास. १२२ कडे झुकला तर बेंझोइक अ‍ॅसिडचा संशय घ्या, बायकार्बोनेटने धुऊन परत बघा, पण नुसती ओल राहिली तरी पॉइंट खाली येतो, म्हणून आधी नीट वाळवा.

सायनोहायड्रिनवर (एकाच कार्बनवर OH आणि नायट्राइल दोन्ही असलेला रेणू) ही पद्धत तशीच लावू नका, गरम केल्यावर त्यातून हायड्रोजन सायनाइड सुटू शकतो, तो जीवघेणा आहे आणि सुटलेलं सायनाइड मेटलला धरून कॅटॅलिस्टही बंद पाडतं.