हॅलोविनच्या स्पर्धेसाठी छोटा भोपळा सजवताना

अमेरिकेत नव्याने आलेल्या कुटुंबाच्या हाती ऑक्टोबर महिन्यात शाळेची, सार्वजनिक वाचनालयाची किंवा कार्यालयाची एक सूचना बहुधा पडतेच: ३१ तारखेच्या आत एक छोटा भोपळा सजवून स्पर्धेसाठी आणून द्यावा. हॅलोविन म्हटले की डोळे-दात कोरलेला आणि आत दिवा ठेवलेला भोपळा आपल्याला आठवतो, त्यामुळे पहिला हात सुरीकडे जातो. तो आवरावा. कोरण्याची प्रथा मूळची आयर्लंड-स्कॉटलंडकडची आणि तीही सलगमावरची. १९ व्या शतकात तिकडून आलेल्या लोकांना इथे आकाराने मोठा व आतून पोकळ असा भोपळा मिळाला आणि कोरणे सोपे झाले. तळहातावर मावणाऱ्या भोपळ्यात मात्र पोकळी थोडी आणि गर दाट असतो. शिवाय कोरलेला भोपळा काही दिवसांतच बुरशी धरून खचतो, तर न कापलेला भोपळा थंड व कोरड्या जागी कित्येक आठवडे टिकतो. लहान मुलांच्या स्पर्धांत कोरण्याला अनेकदा मनाईच असते. तेव्हा छोटा भोपळा रंगवावा, हे उत्तम.

सूचनापत्र शेवटपर्यंत वाचावे. भोपळा खराच हवा की दुकानात मिळणारा कृत्रिमही चालेल, आकाराची मर्यादा किती, रक्त आणि शस्त्रे दाखवण्यास बंदी आहे का, सजावट मुलानेच करायची की पालकांनी मदत केलेली चालते, हे त्यात दिलेले असते. मुलांच्या गटात आईवडिलांनी कोरून-रेखून दिलेली कलाकृती पाठवू नये; परीक्षकांना ती ओळखू येतेच आणि मुलालाही त्यात आपले काही दिसत नाही.

किराणा दुकानांत सप्टेंबरपासूनच भोपळे येऊ लागतात. टेबलावर न डुगडुगता बसणारा, गुळगुळीत सालीचा आणि घट्ट, वाळलेल्या देठाचा भोपळा निवडावा. देठ धरून तो उचलू नये, कारण देठ तुटला की भोपळ्याची शोभा जाते आणि तिथूनच तो कुजू लागतो. सालीवर मेणासारखा तुकतुकीत थर असल्यामुळे मुलांचे पाण्यात धुतले जाणारे रंग वाळल्यावर पोपडे धरून निघतात. म्हणून ॲक्रिलिक रंग घ्यावा. भोपळा ओल्या फडक्याने पुसून पूर्ण कोरडा होऊ द्यावा आणि एका जाड थराऐवजी दोन पातळ थर द्यावेत, पहिला पूर्ण वाळल्यावरच दुसरा. बारीक रेषांसाठी परमनंट मार्कर पुरतो. मणी किंवा कापड चिकटवायचे असल्यास गरम गोंदाची बंदूक मोठ्यांनीच हाताळावी. टाचण्या टाळाव्यात, कारण प्रत्येक छिद्रातून आत कूज शिरते.

आता चित्र कशाचे काढावे? चेटकीण, वटवाघूळ आणि कोळ्याचे जाळे इतके जण करतात की त्यांत उठून दिसणे अवघड असते. भोपळ्यात बसून लेकीकडून घरी निघालेली म्हातारी मात्र या कामासाठीच जन्मली आहे असे मला वाटते: एका बाजूला खिडकी रंगवून त्यातून डोकावणारी म्हातारी काढावी आणि मागच्या बाजूने वाघ व कोल्हा. परीक्षकांना ही गोष्ट माहीत नसणार, म्हणून सोबतच्या कार्डावर ती दोन सोप्या वाक्यांत लिहावी. दुसरा चांगला पर्याय वारली चित्राचा. भोपळ्याला गेरूच्या रंगाचा थर देऊन देठाभोवती तारपा नृत्याचे वेटोळे काढले, तर गोल आकार त्याला फार साजतो. दोन त्रिकोण टोकाला टोक जोडून केलेली माणसे सहा-सात वर्षांचे मूलही काढू शकते. मूळ चित्रांत तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग वापरतात. तो या सालीवर टिकणार नाही, तिथे पांढरा ॲक्रिलिकच हवा. काहीही निवडले तरी एकच कल्पना घ्यावी आणि बाकीची जागा मोकळी सोडावी, कारण एवढ्याशा भोपळ्यावर नथ, पैठणीचा काठ, पणत्या आणि वटवाघळे एकत्र आली की काहीच दिसत नाही.

गणपती किंवा देवी रंगवण्याचा मोह होतो, विशेषतः दिवाळी जवळ आलेली असते तेव्हा. स्पर्धेनंतर हा भोपळा कचऱ्यातच जाणार आहे, हे लक्षात घेता मी तसे करू नये असेच सांगेन.

मोरपिशी रंगाबद्दलही एक गोष्ट ठाऊक असावी. हॅलोविनच्या संध्याकाळी मुले घरोघरी खाऊ मागत फिरतात; त्यांतल्या अन्नाची ॲलर्जी असलेल्या मुलांसाठी खाऊऐवजी छोटी खेळणी, पेन्सिली वगैरे ठेवणारी घरे दारात मोरपिशी भोपळा ठेवतात. टेनेसी राज्यात २०१२ मध्ये सुरू झालेला हा उपक्रम २०१४ पासून देशभर पोहोचला. स्पर्धेत हा रंग वापरण्यास हरकत नाही, पण नंतर तोच भोपळा दारात मांडणार असाल तर घरात तशा वस्तू तयार ठेवाव्यात. दारात ठेवलेल्या भोपळ्यावर खारी ताव मारतात, त्यामुळे स्पर्धा होईपर्यंत त्याला घरातच, हीटरपासून दूर ठेवावे.

स्पर्धा झाल्यावर रंगवलेला भोपळा भाजीत घालू नये आणि कंपोस्टच्या डब्यातही टाकू नये. तो साध्या कचऱ्यात जातो. घारगे करायचे असतील तर वेगळा, न रंगवलेला भोपळा आणावा, आणि त्यासाठी बटरनट स्क्वॉश घेतल्यास चव आपल्या लाल भोपळ्याच्या अधिक जवळ जाते.