मिग-२१ चं किट तपासताना या चुका टाळा

२६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला हवाई दलाच्या मिग-२१ या लढाऊ विमानाला निरोप मिळाला, तेव्हापासून ‘त्याचं प्लास्टिक मॉडेल बनवायला कोणतं किट घेऊ?’ असं मला बरेच जण विचारतात. मी उलट विचारतो, ‘कोणतं मिग-२१?’

पहिली आणि सगळ्यात महागात पडणारी चूक इथेच होते. नाशिकजवळच्या ओझरला एफएल, एम आणि बिस असे तीन प्रकार बनले आणि तिन्हींची अंगकाठी वेगळी. एफएलची पाठ बारीक, पोटात तोफ नाही, आणि कॅनोपी (वैमानिकावरचं पारदर्शक झाकण) पुढच्या काचेसकट अखंड वर उचलली जाते. एम आणि बिसमध्ये पुढची काच पक्की, मागचा भाग उजवीकडे उघडतो आणि पोटात २३ मिमीची दुनळी तोफ. बिसची पाठ तर चांगलीच जाड. माझ्याकडच्या एका किटच्या खोक्यावर एफएलचं सुंदर चित्र होतं, आत मात्र दोन तुकड्यांची कॅनोपी निघाली. म्हणून चित्र बाजूला ठेवा आणि आधी पारदर्शक भाग व पाठ पाहा. जुनाच साचा नव्या खोक्यात घालून विकणं या धंद्यात नेहमीचं आहे. स्प्रूवर (भाग ज्या प्लास्टिकच्या चौकटीला जोडलेले असतात तिच्यावर) साल कोरलेलं असेल तर तेही वाचा.

दुसरी चूक मापाची. लांबीवरून किट जोखू नका. छापील आकडा कधी नाकावरच्या पिटो नळीसकट (वेग मोजणारी लांब नळी) असतो, कधी नळी सोडून. पंखांचा विस्तार धरा: खरा ७.१५ मीटर, म्हणजे १/४८ प्रमाणाच्या मॉडेलला सुमारे १४९ मिमी आणि १/७२ ला ९९ मिमी. नेटवरच्या आराखड्याची प्रिंट काढून त्यावर भाग ठेवणार असाल, तर आधी त्या प्रिंटवरचा विस्तार पट्टीने मोजा. प्रिंटर माप हमखास बदलतो.

पॅनेलच्या (पत्र्यांच्या सांध्यांच्या) रेषा कोरीव दिसल्या की लोक खूश होतात. पण रुंदीही बघा. १/७२ ला ०.२ मिमीची रेष म्हणजे खऱ्या विमानावर जवळजवळ दीड सेंटिमीटरची फट!

पंख वाकलेला दिसला तर घाईने सपाट करू नका. मिगचे पंख टोकाकडे दोन अंश खालीच झुकलेले असतात. दोन्ही बाजू सारख्या आहेत का ते बघा. एकच वाकडी असेल तर गरम पाण्यात (उकळत्या नव्हे) धरून हलकेच वळवा आणि लगेच गार पाण्यात बुडवा.

डेकल (मॉडेलवर चिकटवायची छापील चिन्हं) भिंगाखाली धरा. आपल्या हवाई दलाच्या चक्रात बाहेर केशरी, मध्ये पांढरा, आत हिरवा. छपाई सरकली असेल तर एका कडेला पांढरा जास्त दिसतो, आणि ते नंतर कशानेही दुरुस्त होत नाही. कागद नुसता पिवळा पडला असेल तर हवाबंद पिशवीत घालून काही दिवस उन्हाच्या खिडकीला चिकटवा, बराच फरक पडतो.

आणि गोंदाची बाटली उघडण्याआधी धडाचे दोन्ही अर्धे, पंख आणि नाकाची कडी टेपने जोडून पाहा. नाकाच्या शंकूत वजन घालायला सूचनापत्रात सांगितलं असेल, तर ते याच वेळी टाकून विमान तिन्ही चाकांवर उभं राहतं का ते तपासा. धड एकदा बंद झालं की तिथे हात पोचत नाही.