शिमग्याआधी कॅज्युअल्टीतली तयारी

पालखी घरोघर फिरायला लागली आणि चाकरमानी गावात आले, की रात्री फुटलेली डोकी आणि महामार्गावर दुचाकीवरून पडलेले पेशंट वाढतात. टाक्यांचं सामान, टिटॅनसचं इंजेक्शन आपण मोजून ठेवतो. दारूबद्दल दहा मिनिटं बोलायची तयारी मात्र कुणी करत नाही, आणि मग ते बोलणं राहूनच जातं.

आधी जागा बघा. एक पडदा आणि एक स्टूल पुरे. नातेवाइकांना केसपेपर काढायला पाठवा, बायकोसमोर खरा आकडा कुणी सांगत नाही. पेशंट शुद्धीवर नीट येईपर्यंत थांबा. डोक्याला मार असेल तर बरळणं दारूवर ढकलू नका. साखर तपासा, डोक्याचा सीटी स्कॅन लागेल का ते बघा.

पिण्याची सवय तपासणाऱ्या जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘ऑडिट’ चाचणीत 10 प्रश्न आहेत, त्यातले पहिले 3 छापून ठेवा: किती वेळा पिता, एका बैठकीला किती, आणि एकदम 6 मापं किंवा जास्त कितीदा होते. शेजारी हिशोब लिहा. 10 ग्रॅम अल्कोहोलचं एक माप धरलं, तर 180 मिलीची क्वार्टर म्हणजे 6 मापं, 650 मिलीची साधी बिअर अडीच. गावठीची तीव्रता ठरलेली नसते, तिथे ग्लास विचारा. या 3 प्रश्नांचे मिळून पुरुषाचे 4 किंवा बाईचे 3 गुण झाले, की बोलायचं.

बोलताना उपदेश नको. “दादा, आजचं पडणं आणि संध्याकाळची क्वार्टर, काही संबंध वाटतो का?” एवढं विचारून गप्प बसा. नंतर विचारा, कमी करायची तयारी शून्य ते दहात किती? “तीन” म्हणाला तर “शून्य का नाही म्हणालात?” इथे तो स्वतःची कारणं स्वतःच सांगतो, आणि तीच कामाला येतात. ट्रॉलरवरचा खलाशी म्हणेल, समुद्रात असताना शिवत नाही, बंदराला लागलो की घेतो. म्हणजे न पिता राहणं त्याला जमतं, हे त्याला दाखवून द्या. “पालखीला जाताना गाडी घरी” असं त्याचं ठरलेलं त्याच्याच शब्दांत केसपेपरवर लिहा.

सकाळी उठल्याउठल्या ज्याला लागते, हात थरथरतात, घाम फुटतो, त्याला “उद्यापासून बंद” सांगू नका. शेवटच्या घोटानंतर 6 ते 48 तासांत फिट येऊ शकते. त्याला भरती करा, मानसोपचाराकडे पाठवा. थायमिन (जीवनसत्त्व बी-1) आणि फिट आवरणारं डायझेपाम ट्रेमध्ये हवंच.

घरचे दारू सोडवायला चहातून गुपचूप द्यायचं औषध मागतील. ठाम नाही म्हणा: डायसल्फिराम हे तसलं औषध नकळत दिलं आणि वर तो प्यायला, तर जिवावर बेतू शकतं. त्याऐवजी टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा 14416 आणि व्यसनमुक्तीचा 14446 हे नंबर चिठ्ठीवर द्या. आणि ड्रेसिंगच्या रजिस्टरमध्ये त्याच्या नावापुढे खूण करा, टाके काढायला येईल तेव्हा तिथल्या सिस्टरांनी पुन्हा विचारायचं.