भटक्या कणांचे झाड काढताना या चुका टाळा

मध्यभागी एक कण स्थिर ठेवावा, दुरून दुसरा कण वाटेल त्या दिशेने भटकत सोडावा आणि तो चिकटला की तिसरा सोडावा. असे काही हजार कण झाले की संगणकाच्या पडद्यावर फांद्या फुटलेली आकृती, म्हणजे चिकटलेल्या कणांचा गुच्छ, उभी राहते. विटेन आणि सँडर या भौतिकशास्त्रज्ञांनी १९८१ मध्ये मांडलेले हे डीएलए (डिफ्युजन-लिमिटेड अॅग्रिगेशन, म्हणजे भटकत येऊन चिकटणाऱ्या कणांची वाढ) प्रारूप कोथरूडमधील माझ्या रविवारच्या वर्गात दरवर्षी करून घेतो आणि दरवर्षी त्याच चुका पाहतो.

सर्वांत घातक चूक म्हणजे कणाचे स्थान प्रत्येक पावलाला पूर्णांकात छाटणे. एका विद्यार्थिनीच्या आकृतीतील सर्व फांद्या खाली उजवीकडे झुकल्या होत्या. वाऱ्याने कललेल्या झाडासारखे ते चित्र इतके देखणे होते की तिने अप्पा बळवंत चौकातून त्याची मोठी रंगीत प्रत छापून आणली आणि झुकण्याची कारणमीमांसाही लिहिली. आम्ही दोन संध्याकाळी तिचा प्रोग्रॅम ओळीओळीने वाचला. पाऊल एका पिक्सेलचे होते. १०० वरून निघालेला कण १००.७ वर गेला की छाटला जाऊन पुन्हा १०० वर येई आणि ९९.३ वर गेला की थेट ९९ वर जाई. पडद्याचा शून्यबिंदू वरच्या डाव्या कोपऱ्यात असल्याने सगळे कण तिकडेच वाहत होते आणि वाटेत गुच्छाच्या विरुद्ध बाजूला आदळत होते.

स्थान अपूर्णांकातच ठेवावे. पूर्णांक फक्त रंगवताना घ्यावा. चिकटण्याचा भाग लिहिण्यापूर्वी मी एकाच बिंदूतून १,००० कण मोकळे सोडतो. अंतर पावलांच्या वर्गमुळाने वाढत असल्यामुळे १०,००० पावलांनंतर एकेक कण साधारण १०० पिक्सेल दूर गेलेला असतो, परंतु सर्वांचे सरासरी स्थान मूळ बिंदूपासून दहा पिक्सेलच्या आत राहिले पाहिजे. नवशिके ही तपासणी कंटाळून टाळतात, याचे मला मनापासून वाईट वाटते.

कण चौकोनी कडांवरून सोडू नयेत, गुच्छाला वेढणाऱ्या वर्तुळावरून सोडावेत. बाहेर भटकलेला कण घाईने बाद करू नये.

वेळ वाचवण्यासाठी गुच्छाजवळ पाऊल मोठे करणे मला अजिबात मान्य नाही. बाहेरच्या फांद्या कणाला आधीच अडवतात म्हणूनच आतल्या खाचा रिकाम्या राहतात. मोठ्या पावलाने कण फांदी ओलांडून आत पडतो आणि त्या खाचा बुजतात. लांब पावले गुच्छापासून दूर असतानाच टाकावीत. त्या विद्यार्थिनीने दुरुस्त प्रोग्रॅम रात्रभर चालू ठेवला आणि सकाळी फांद्या चारही बाजूंना पसरलेल्या होत्या.