टापास खायला निघताना: स्पेनमधल्या एका संध्याकाळची तयारी

टापास म्हणजे बारमध्ये पेयाबरोबर थोडं थोडं खायचे छोटे पदार्थ. त्यासाठी निघताना सगळ्यात आधी घड्याळाचं बघा. संध्याकाळी सात वाजता कडकडून भूक लागलेला माणूस स्पेनमधल्या बारमध्ये शिरला, तर त्याला बिअर मिळेल, ऑलिव्ह मिळतील, फार तर काचेच्या पेटीतला गार तोर्तियाचा, म्हणजे बटाटा घातलेल्या जाड ऑम्लेटचा, तुकडा मिळेल. पण कढई अजून तापलेली नसते. दुपारचं जेवण साधारण दीड-दोन ते चार, मग बऱ्याच ठिकाणी स्वयंपाकघर बंद. ते साडेआठच्या आसपास पुन्हा सुरू होतं आणि खरी गर्दी नऊनंतर. जूनअखेरीस माद्रिदला सूर्यच पावणेदहाच्या सुमारास मावळतो, त्यामुळे तिथल्या लोकांना हे उशिराचं वाटतच नाही. आपल्याला वाटतं, विशेषतः बरोबर मुलं आणि मधुमेह असलेली वडीलधारी मंडळी असतील तर. म्हणून सहाच्या सुमाराला थोडं पोटात ढकलून ठेवायचं. चुरोस चालतील: पीठ, पाणी, मीठ एवढंच, तेलात तळलेले आणि सहसा बिनअंड्याचे. सोबतचं दाट चॉकलेट मधुमेह असलेल्यांनी सोडावं. उत्तरेला बास्क भागात सगळं जरा लवकर चालतं. सान सेबास्तियानच्या जुन्या गावात सात-साडेसातला बार भरायला लागतात. रविवार रात्र आणि सोमवार निवडू नका, पुष्कळ बार बंद असतात. ऑगस्टमध्ये माद्रिद आणि सेव्हियातले कितीतरी मालक दोन-तीन आठवडे कुलूप लावून समुद्रावर जातात, तेव्हा ठरवलेल्या बारच्या जोडीला दुसरा एक मनात असू द्या.

मग आपण कुठल्या गावात आहोत ते पाहायचं, कारण टापासचे नियम गावागणिक बदलतात. ग्रानादात, तसंच आल्मेरिया, हाएन आणि लेओनमध्ये, पेयाबरोबर एक टापा फुकट येतो. तो बहुतेक ठिकाणी तुम्ही निवडत नाही, स्वयंपाकघर ठरवतं. त्यामुळे शाकाहारी माणसानं पेय मागतानाच सांगायला हवं. बशी समोर आल्यावर सांगून उपयोग नाही. फक्त कॉफी घेतली तर टापाची वाट पाहू नका. सेव्हियात टापा विकत घ्यायचा, पण फळ्यावर किंवा मेनूत टापा, मेदिया, राथिओन (छोटी, अर्धी आणि पूर्ण प्लेट) असे तीन भाव शेजारीशेजारी लिहिलेले असतात, त्यामुळे थोडं थोडं चाखायला हे शहर सर्वांत सोयीचं. माद्रिदला बऱ्याच बारमध्ये मोठी राथिओनच मिळते. सान सेबास्तियानला पिंचो: पावाच्या चकतीवर काहीतरी रचून काडी खुपसलेली. लोग्रोन्योच्या लाउरेल गल्लीत एकेका बारची एकेक खासियत. एका बारमध्ये तर लसणीत परतलेले तीन मश्रूम पावावर एकावर एक रचतात, वर कोळंबी ठेवतात, बस्स. ‘सिन गांबा’ म्हटलं तर कोळंबीशिवाय मागता येतं.

किती मागवायचं, इथे बहुतेकांचा हिशेब चुकतो. टापा म्हणजे एकाला चार-पाच घास. मेदिया राथिओन म्हणजे अर्धी प्लेट, दोघांना पुरेशी. राथिओन म्हणजे पूर्ण प्लेट, तिघाचौघांत वाटून खायची. ऑर्डर घेणारा बहुधा विचारतोच, ‘टापा की राथिओन?’ आणि गडबडीत मान हलवली की राथिओन येते, बिलही तिचंच. दोघांसाठी अंदाज असा: तीन बार, प्रत्येक ठिकाणी दोन टापा आणि एकेक पेय. चौघं एकाच ठिकाणी बसणार असतील तर आधी तीन मेदिया आणि पाव, त्या संपत आल्या की पुढचं. आपल्या हॉटेलातल्या सवयीनं सगळं एकदम सांगितलं की सगळं एकदम येतं. टेबल बोटभर जागा न उरता भरतं, आणि गार पदार्थ संपेपर्यंत तळणीचे पदार्थ मऊ पडतात. वांग्याचे काप हे याचं चांगलं उदाहरण. दक्षिणेकडच्या आंदालुसियात पातळ काप तळून वर ‘मिएल दे कान्या’ सोडतात. शब्दशः अर्थ उसाचा मध, पण ती आपली काकवीच. पहिली चार-पाच मिनिटं काप कुरकुरीत. मग काकवी आत मुरते, वांग्याला पाणी सुटतं आणि उरतो तो गोड लगदा. हा पदार्थ आला की बोलणं थांबवून खायचा. क्रोकेतासचं, म्हणजे कटलेटसारख्या तळलेल्या गोळ्यांचं, उलटं: आत उकळता पांढरा सॉस असतो, तेव्हा आल्या आल्या चावू नका. मधोमध मोडा, वाफ जाऊ द्या. राथिओनमध्ये सहा ते आठ येतात आणि आपण पाच जण असू तर भांडण ठरलेलं, म्हणून आधीच विचारा: ‘क्वांतास बिएनेन?’, किती येतात? माणशी एक अशी वाढवूनही बरेच जण देतात.

खिशात पाच आणि दहा युरोच्या नोटा ठेवा. कार्ड जवळजवळ सगळीकडे चालतं, पण गर्दीच्या बारमध्ये चार युरोंसाठी यंत्राची वाट पाहणं नको वाटतं. सहा जणांनी सहा वेगळी बिलं मागणं तर कुणालाच आवडत नाही. तिथले लोक यासाठी ‘बोते’ काढतात, म्हणजे आपली काँट्री. निघतानाच प्रत्येकानं वीस युरो एकाच्या हातात द्यायचे आणि प्रत्येक बारमध्ये त्यानंच बिल द्यायचं. संपले की पुन्हा काढायची. कोणी दारू घेत नसेल तर त्याचे कमी ठेवा, हे आधी ठरलेलं बरं.

आता शाकाहारी मंडळींचं, कारण खरी तयारी त्यांनाच लागते. ‘मी शाकाहारी आहे’ एवढं सांगून काम भागत नाही. बोलण्यात ‘कार्ने’ (मांस) म्हटलं की अनेकांच्या डोळ्यांसमोर मांसाचा तुकडा येतो. हामोनचे (खारवून वाळवलेल्या डुकराच्या मांसाचे) बारीक तुकडे किंवा डब्यातला ट्यूना त्यात धरलाच जात नाही. त्यामुळे ‘यात मांस आहे का?’ ऐवजी विचारायचं ‘के येवा?’, म्हणजे यात काय काय घातलंय? आणि मग नावं घेऊन नको म्हणायचं: सिन कार्ने, सिन हामोन, सिन पेस्कादो, सिन आतून. मांस, हामोन, मासे, ट्यूना, चारही नकोत. हे चार शब्द फोनमध्ये रोमन लिपीत मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा. गोंगाटात उच्चारापेक्षा पडदा दाखवणं सोपं.

सापळे बहुतेक साध्या दिसणाऱ्या पदार्थांत असतात. ‘एन्सालादिया’ दिसते आपल्या लग्नातल्या रशियन सॅलडसारखी, पण त्यात ट्यूना असतो. फरसबी आणि मटार हामोनबरोबर परततात. लसणीतल्या मश्रूममध्येही हामोनचे कण असू शकतात. मसुराच्या आमटीत चोरिथो, म्हणजे डुकराच्या मांसाचं सॉसेज. सालमोरेखो, म्हणजे कोर्दोबाकडचं टोमॅटो, शिळा पाव, लसूण आणि ऑलिव्ह तेल घोटून केलेलं गार दाट सूप, स्वतः शाकाहारी. पण वरून उकडलेलं अंडं आणि हामोन भुरभुरतात, तेव्हा ‘सिन हामोन’ आधीच. ब्रावासचा, म्हणजे तळलेल्या बटाट्याच्या फोडींवरचा, सॉस काही ठिकाणी मांसाच्या पाण्यात करतात, त्या पाण्याला ‘काल्दो’ म्हणतात. आणि एक अक्षरांचा खेळ: ‘मान्तेकिया’ म्हणजे लोणी, पण ‘मान्तेका’ म्हणजे डुकराची चरबी. मायोर्काची एन्साइमादा आणि नाताळातल्या पोल्बोरोनेस या मिठाया या दुसऱ्या वस्तूनं खुसखुशीत होतात. गोमांस टाळणाऱ्यांनी तेर्नेरा, बाका, बुएइ हे तीन शब्द आणि ‘राबो दे तोरो’ ओळखून ठेवावेत. शेवटचं म्हणजे बैलाच्या शेपटीचा रस्सा.

युरोपीय नियमानुसार प्रत्येक ठिकाणी चौदा ॲलर्जनची (ॲलर्जी होऊ शकेल अशा घटकांची) माहिती द्यावी लागते. ‘कार्ता दे आलेर्खेनोस’ मागितलं की तक्ता हातात येतो. अंडं, मासे, कोळंबी, शिंपले, दूध, शेंगदाणे यांच्यासाठी तो उत्तम. मात्र त्यात मांस नसतं, कारण ते ॲलर्जनच्या यादीतच नाही. तक्ता कोरा दिसला म्हणून पदार्थ शाकाहारी, असं धरून चालू नका.

आणि मग मिळतं तरी काय? बरंच. सेव्हियाचा पालक आणि छोल्यांचा पदार्थ, ‘एस्पिनाकास कोन गार्बान्थोस’, पहिला मागवा: मातीच्या छोट्या वाटीत आळलेला पालक, तळलेला पाव आणि लसूण कुटून आणलेला दाटपणा, जिरं, पिमेंतोन म्हणजे लाल मिरचीपूड, थोडं व्हिनेगर. जिभेला ओळखीचा वाटतो तो जिऱ्यामुळे. एल रिंकोनथियो या बारमध्ये तो प्रसिद्ध आहे. बार आपलं साल 1670 सांगतो आणि हिशेब अजून लाकडी काउंटरवर खडूनं लिहितात. याशिवाय पाद्रोनच्या अंगठ्याएवढ्या हिरव्या मिरच्या, तेलात फुगवून वर जाडं मीठ. दहांतली एखादी तिखट निघते आणि तिथले लोक त्यावर जुगार खेळल्यासारखे हसतात. ठेचा खाणाऱ्यांनी फार आशा ठेवू नये. मालागाकडचं आहोब्लांको, म्हणजे बदाम-लसणाचं गार पांढरं सूप, वर द्राक्षं. पिस्तो, म्हणजे टोमॅटोत शिजवलेल्या भाज्या; कातालोनियात एस्कालिवादा, म्हणजे भाजलेल्या भाज्या; टोमॅटो चोळलेला पाव. अंडं चालत असेल तर तोर्तिया: कांद्यासह हवा की बिनकांद्याचा, यावर स्पेनमध्ये घराघरांत वाद आहेत. कांदा न खाणाऱ्यांनी ‘सिन थेबोया’ विचारावं, बिनकांद्याचा कायम करणारे बार असतात. मध्यभाग ओला आवडत नसेल तर ‘बिएन क्वाहादा’, म्हणजे नीट घट्ट झालेला, मागा. चीजमधल्या रेनेटचं, म्हणजे वासराच्या पोटातून काढलेल्या विरजणाचं, ज्यांना वावडं आहे त्यांच्यासाठी एक्स्त्रेमादुराचं तोर्ता देल कासार: मेंढीचं दूध, पण विरजण रानटी काटेरी फुलांचं. मान्चेगोबाबत तशी खात्री देता येत नाही. जैन पथ्य पाळणाऱ्यांनी मात्र रात्रीची मदार टापासवर ठेवू नये. लसूण, कांदा, बटाटा वजा केला की उरतं फार थोडं.

शब्दांची तयारी फार नको. पातातास म्हणजे आपले बटाटेच; पोर्तुगिजांच्या जहाजानं आपल्याकडे आलेला ‘बटाटा’ आणि स्पेनचा ‘पाताता’ ही कॅरिबियन बेटांवरच्या एकाच शब्दाची लेकरं. ‘पान’ मागितलं तर पाव येईल, जेवणानंतर विड्याच्या अपेक्षेनं म्हणू नका.

दारू न पिणाऱ्यांना कानकोंडं होण्याचं कारण नाही. ‘मोस्तो’ म्हणजे द्राक्षांचा रस, वाइनच्याच ग्लासात, कधी ऑलिव्हसह. फक्त सेव्हिया-हेरेथच्या बाजूला सांभाळा: तिथे मोस्तो म्हणजे हिवाळ्यातली कोवळी वाइन, त्यात अल्कोहोल असतं. ‘सिन आल्कोओल’ जोडून विचारा. बिअरचा छोटा ग्लास ‘कान्या’, साधारण 200 मिलीलीटर. बास्क भागात त्याच्याही निम्मा ‘थुरितो’. लहान ग्लास घेण्यात कंजुषी नाही, तीन-चार बार फिरायचे असतात आणि बिअर गार राहते. उन्हाळ्यात सांग्रियापेक्षा ‘तिंतो दे बेरानो’ मागा, लाल वाइन आणि लेमन सोडा. गावकरी तेच पितात. नळाचं पाणी ‘आग्वा देल ग्रिफो’. 2022 च्या कायद्यानं ते फुकट द्यावंच लागतं, तरी मोघम ‘आग्वा’ म्हटलं तर विकतची बाटली येते.

बारपाशी रांग नसते. काउंटरला कोपर टेकेल एवढी जागा धरा, नजरेला नजर मिळाली की ‘मे पोनेस...’, म्हणजे मला द्या, म्हणून सांगा. कोण आधी आलं हे आतल्या माणसाच्या बरोबर लक्षात असतं. हात हलवून टाळी वाजवणं नको. सान सेबास्तियानच्या काउंटरवर मांडलेले गार पिंचो दिसायला देखणे, पण तासाभरात त्यांचा पाव ओलसर किंवा वातड होतो. फळ्यावर लिहिलेले गरम पिंचो मागवा, तेच त्या बारचं खरं काम. मांडलेले घ्यायचेच तर आधी बशी मागा. काही ठिकाणी काड्या मोजून बिल होतं, त्या फेकू नका. पैसे बहुधा शेवटी.

बिल पाहून चक्कर येऊ नये म्हणून तीन गोष्टी बघा. माशांच्या ओळीपुढे भावाच्या जागी ‘S/M’ (एस/एमे) असेल तर अर्थ बाजारभावाप्रमाणे: आधी आकडा विचारा, शंभर ग्रॅमचा की प्लेटचा तेही. न मागता आलेल्या पावाचे एक-दोन युरो लागू शकतात. नको असेल तर तेव्हाच परत द्या. बाहेरच्या खुर्च्यांवर, ‘तेर्रासा’वर, भाव जास्त असू शकतो आणि तो फलकावर लिहिलेला असतो. तिथे सिगारेटचा धूरही येऊ शकतो. आत बंदी आहे, 2 जानेवारी 2011 पासून. रात्री दहा वाजता पाएया, म्हणजे तिथला कढईतला भात, मागू नका, तो दुपारचा पदार्थ. दहा मिनिटांत आला तर आधी करून ठेवलेलाच.

बिलाला ‘ला क्वेंता, पोर फावोर’. किमतीत कर धरलेला असतो आणि टिप सक्तीची नाही. सुटे नाणे ठेवले की पुरे. उरलं तर ‘पारा येवार’ म्हणा, बांधून देतात. क्रोकेतास बांधून नेण्यात अर्थ नाही, सकाळी रबर होतात. तोर्तियाचा तुकडा मात्र जरूर न्या; सकाळच्या ट्रेनमध्ये पावात घालून गारच खायचा.